धूमकेतूचा आकडा

"बाबा, तुम्ही सगळ्यांना टांगता, पण स्वतः कधी टांगून घेतलंय का?"

शिट्टीचा आवाज रिकाम्या नाट्यगृहात असा काही घुमला, की वर बाल्कनीत झाडू मारणारा माणूससुद्धा कठड्यावरून वाकून खाली बघू लागला. पहिल्या रांगेत खारूताई आणि डबा या तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर कोसळून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. "सगळ्यांसमोर विचारून दाखव. नाही ना हिंमत?"

हेच वाक्य गेल्या वर्षी कुणी म्हटलं असतं, तर या मुलीनं मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यात फुलं काढली असती. पण गेल्या वर्षीची ती आणि यंदाची ती, यांत जमीनअस्मानाचा फरक होता. गेल्या वर्षी तिला हे नावसुद्धा नव्हतं. यंदा शाळेच्या नाटकाच्या निवडीला ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि नाटकाच्या बाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर कुकरची शिट्टी! इतकी वर्षं कुठे दडून बसली होतीस?" तेव्हापासून ती शिट्टी झाली ती झालीच. आणि एकदा वाजायला लागल्यावर तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमेना. तिच्या स्वतःच्यासुद्धा.

तो बाप या वेळी रंगमंचाच्या मधोमध उभा राहून वाळूची गोणी दोराच्या हुकाला अडकवत होता. त्यांनी मान वर केली नाही. हुक मिटला, दोनदा खेचून पाहिला, हात झटकले, आणि मग म्हणाले, "आधी मी, मग गोणी, मग माणूस. तुम्ही पोरी यायच्या आधीच मी लटकून झालोय."

"आजसुद्धा?"

"रोजच."

"आणि लटकल्या लटकल्या मला ओरडतात पण," विंगेतून पडदाताई म्हणाली. ती नाट्यगृहाच्या पडद्याची मोटर सांभाळायची आणि बाबांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मोटरचं बटणांचं पॅनेलही. "वटवाघळाला राग आला तर कसं दिसेल, तसे दिसतात!"

सगळे हसले. बाबाही हसले, पण अर्धेच. उरलेलं अर्धं हसू त्यांनी राखून ठेवलं, कारण आज तिसरा दिवस होता आणि धूमकेतू अजून थरथरत होता.

धूमकेतू म्हणजे शिट्टी. नाटक एका म्हाताऱ्या खगोलशास्त्रज्ञाचं होतं. त्यानं जन्मभर एका धूमकेतूची वाट पाहिलेली असते, आणि तो येतो त्या रात्री नेमका म्हाताऱ्याला खुर्चीतच डोळा लागतो. धूमकेतू एका विंगेतून सणसणत येतो, बरोब्बर त्याच्या डोक्यावर थांबतो, क्षणभर त्याच्याकडे बघतो आणि निघून जातो. बस, एवढंच. संवाद एकही नाही. शिट्टीला संवाद नसलेली भूमिका मिळाली, यावर शाळाभर विनोद झाले. पण बाई म्हणाल्या होत्या, "सगळं नाटक त्या थांबण्यावर आहे. तू अशी थांबायला हवीस, की लोकांचा श्वास थांबला पाहिजे."

आणि थरथरणारा धूमकेतू म्हणजे थंडी वाजलेला धूमकेतू. लोकांचा श्वास थांबणार नाही, लोक खो खो हसतील. उद्या सकाळी रंगीत तालीम, संध्याकाळी प्रयोग.

या नाट्यगृहात हवेत जे जे जायचं, ते बाबांच्या हातून जायचं. ढग, झुंबरं, भुतं, देवदूत, आणि एकदा तर एक अख्खा पियानो, तो वाजवणाऱ्या लठ्ठ नटासकट. पूर्वी वर माळ्यावर चार माणसं उभी राहून दोर ओढायची, बाबा त्यातले सर्वांत तरुण. म्हणून मुलं त्यांना दोरकाका म्हणत आणि अजूनही म्हणतात. पुढे मोटर आली. बाकीचे तिघे एकेक करून दुसरीकडे लागले. बाबा मोटरजवळ राहिले आणि तिच्या नादी लागले.

ही मोटर साधी नव्हती, सर्वो मोटर होती. साधी मोटर नुसती फिरते. सर्वोला जागा सांगायची असते: इथून नीघ, तिथे थांब. तिच्या पाठीला एक बारीकसा डोळा असतो, तो तिला सारखं सांगत राहतो की तू कुठे आहेस. ठरल्या जागेपासून ती केसभर ढळली, की स्वतःच स्वतःला ओढून आणते. किती जोरानं ओढायचं, हे ड्राइव्ह नावाच्या पेटीतल्या आकड्यावर. आकडा कमी असला की मोटर आळशी होते. उशिरा निघते, पुढे सरकते आणि काहीतरी विसरल्यासारखी मागे येते. आकडा वाढवला की चलाख होते, शब्द खाली पडू देत नाही. पण फार वाढवला, की तिचं नवशिक्या सायकलवाल्यासारखं होतं. जरा डावीकडे गेलं की हँडल उजवीकडे झटकायचं, त्यात उजवीकडे जास्त गेलं की डावीकडे झटकायचं, आणि बघता बघता सगळी सायकल कापायला लागते.

प्रत्येक माणसाचा आकडा वेगळा, असं बाबा म्हणत. मोटर ज्या लोखंडी खांबाला बसवलेली होती, त्यावर ते डावा तळहात टेकवत, उजव्या अंगठ्यानं आकडा चढवत जात, खांबाच्या पोटात पहिली गुणगुण जाणवली की चार आकडे मागे येत. झालं. पियानोवाल्या नटाला हवेत झोप लागली होती, अशी दंतकथा होती.

"गोणी," बाबांनी हाक दिली.

गोणी निघाली. एका विंगेतून सुटली, सणसणत आली आणि रिकाम्या खुर्चीवर अशी थांबली, जणू तिथे खिळ्याला टांगलेली होती. शिवण दिसत होती तिची, इतकी स्थिर.

"वा! काय अभिनय आहे गोणीचा," डबा म्हणाली आणि पटकन गप्प झाली, कारण बाई वळून बघत होत्या.

"माणूस," बाबा म्हणाले.

शिट्टीनं कमरेचा पट्टा आवळला. पडदाताईनं दोन्ही हुक लावले, ओढून पाहिले, पाठीवर थाप मारली. पाय जमिनीवरून सुटले. हा क्षण शिट्टीला सगळ्या जगात सर्वांत जास्त आवडायचा: पोटात गार वाऱ्याची झुळूक, खाली लहान होत चाललेल्या चपला. विंगेच्या अंधारात ती वर गेली, थांबली. आणि मग सुटली! कानात वारं शिरलं, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा तिरप्या होऊन मागे पळाल्या, खुर्ची आली, खुर्चीच्या वर ती आली आणि थांबली.

एक श्वासभर सगळं नीट होतं.

मग पट्ट्याच्या बकलात काहीतरी जागं झालं. मुंगीसारखं. मुंगी कमरेतून पाठीत चढली, पाठीतून मानेत, आणि मानेत आल्यावर ती मुंगी राहिली नाही. शिट्टीनं सगळं अंग आवळून ते थांबवायला पाहिलं, तर ते दुप्पट झालं. दात दातांवर आपटायला लागले. समोरच्या खुर्च्या एकाच्या दोन दिसू लागल्या. दोर कण्हत होता.

खट्! बाबांनी लाल बटण दाबलं. ब्रेक लागला आणि शिट्टी नुसती हिंदकळत राहिली.

"लागलं का?" खालून बाबांचा आवाज आला. तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

"छे! मस्त वाटलं!" शिट्टी ओरडली. जीभ चावली गेली होती. तोंडात आलेली रक्ताची चव तिनं गिळून टाकली.

मग पुन्हा तेच सुरू झालं, जे काल आणि परवा झालं होतं. बाबा माळ्यावर चढले. कप्पी फिरवून पाहिली, तिचं बेअरिंग काल बदललंच होतं. दोर हाताखालून सबंध सरकवला. मोटरचे बोल्ट आवळले. खाली आले तेव्हा कपाळावर काळा पट्टा होता आणि तोंडावर रंग नव्हता.

"पुन्हा."

पुन्हा मुंगी. आता आधीपेक्षा लवकर.

"पुन्हा एकदा."

"दोरकाका," बाई उठून पुढे आल्या. बाई चिडल्या की ओरडत नसत, हळू बोलत, आणि आत्ता त्या फार हळू बोलत होत्या. "उद्या प्रयोग आहे. थोड्या वेळानं संध्याकाळच्या कार्यक्रमाची मंडळी सामान घेऊन येतील, आपल्याला हॉल सोडावा लागेल. गोणी नीट थांबते, तुम्ही नीट थांबता. मग अडतंय कुठे?"

"बघतोय मी, बाई."

"खारूताईला बांधा."

खारूताईच्या हातातली चिक्की खाली पडली. "मला? नको बाई! मी जमिनीवरच बरी आहे. माझे आईबाबा पण जमिनीवरचेच आहेत!"

पण बाईंपुढे कुणाचं चाललंय? शिट्टीच्या कमरेचा पट्टा निघाला आणि खारूताईच्या कमरेला बसला. छिद्रही बदलावं लागलं नाही. दोघी अंगापिंडानं सारख्याच. शाळेच्या तपासणीत काटा दोघींसाठी एकाच रेघेवर थांबला होता. शिट्टीला पहिल्यांदाच बाबांच्या बाजूला, विंगेत पॅनेलजवळ उभं राहावं लागलं. इतके दिवस ती दोराच्या त्या टोकाला होती, या टोकाला काय चालतं ते तिनं पाहिलंच नव्हतं. इथे विशेष काही नव्हतं. एक करडी पेटी, दोन बाणांची बटणं, आणि काळ्या काचेत लाल अक्षरांत, बाबांनी खांबावर तळहात टेकवून नुकताच लावलेला आकडा. चाळीस.

खारूताई डोळे घट्ट मिटून सुटली. सणसणत आली. खुर्चीवर थांबली, हातभर नाही, चार बोटं पुढे गेली, तितकीच मागे आली, आणि मग अशी थांबली, की कुणीतरी हवेत चित्र चिकटवल्यासारखी वाटली. नाट्यगृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. खारूताईनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग हळूच खाली, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

बाल्कनीतल्या झाडूवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

"शिट्टे! अगं, हे तर पाळण्यासारखं आहे!" खारूताई वरून किंचाळली. आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. आपण काय बोललो हे तिला हवेतच कळलं.

शिट्टीला वाटलं, रंगमंचाच्या फळ्यांमध्ये जी बारीक फट आहे, तिच्यातून आपण खाली जाऊ शकू.

"म्हणजे मशिनमध्ये काही नाही," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी शिट्टीकडे पाहिलं, रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं. "बाळ, तू अंग फार ताठ धरतेस. नाही जमत एखादीला. त्यात कमीपणा काही नाही. उद्या खारूताई."

"बाई, एकदा अजून," बाबा म्हणाले. "एकदाच. हिला लावून."

बाबांना कुणाकडे काही मागताना शिट्टीनं कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. पडदाताई खारूताईला उतरवून घ्यायला धावली. शिट्टी पॅनेलपाशीच उभी होती. म्हणूनच तिला दिसलं.

बाबांचा अंगठा वरच्या बाणावर गेला. लाल आकडा चढायला लागला. बेचाळीस. पन्नास. अठ्ठावन्न. बाबा आकड्याकडे बघतच नव्हते. ते वर बघत होते, खुर्चीच्या पलीकडे दिव्यांचा लोखंडी पाइप आडवा टांगलेला होता तिकडे. डावा तळहात खांबावर नव्हता. तो पोटाशी घट्ट मिटलेला होता. आकडा सत्तरवर थांबला.

"बाबा, हे काय करताय?"

"आकडा लावतोय तुझा."

"खारूताईला चाळीस होता."

"हो."

"मग मला सत्तर का?"

बाबांनी प्रथमच काचेकडे पाहिलं. स्वतःच्याच घरात परका माणूस बसलेला दिसावा, तसं पाहिलं.

"चाळीसवर तू चार बोटं पुढे जाशील," शेवटी ते म्हणाले. "तिकडे पाइप आहे."

"पाइप किती लांब आहे?"

"आहे... दोन हात."

"मग चार बोटांनी काय होतंय?"

"काही नाही."

"खारूताई गेली की चार बोटं."

"गेली. काही होत नाही. कुणीही सांगेल." बाबांचा आवाज खाली खाली चालला होता. "तुला तसूभरसुद्धा हलू द्यायचं नाही, एवढंच बघत होतो मी. कप्पी बघितली, दोर बघितला. हे नाही बघितलं."

त्यांनी खालचा बाण दाबला. आकडा उतरला, पटापट, जिना उतरावा तसा. चाळीस. "ये, पट्टा बांध," ते म्हणाले आणि त्यांनी उजवा हात सुरू करायच्या बटणावर ठेवला. शिट्टी काचेवरून नजर हलवत नव्हती. डावा हात पोटापासून सुटला, आपोआप वर आला, आणि त्याचा अंगठा वरच्या बाणावर टेकला. एक्केचाळीस. त्रेचाळीस. सत्तेचाळीस.

"बाबा!"

चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. त्या हाताकडे बघत राहिले.

"सुटत नाही गं," ते म्हणाले.

पडदाताई पट्टा घेऊन दोन पावलांवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मला परवाच दिसलं होतं काका," ती पुटपुटली. "पण तुमच्या आकड्याला बोट कोण लावणार?"

एवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. संध्याकाळच्या कार्यक्रमाची माणसं पेट्या ढकलत आत आली आणि कुणीतरी ओरडलं, "चला, चला, रंगमंच मोकळा करा!" बाईंनी आपली पिशवी खांद्याला लावली.

"आज घरी ठरवा आणि मला फोन करा," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मला एकच धूमकेतू हवाय. दोन नकोत, आणि कापणारा तर नकोच."

बापलेक घरी चालत निघाले. मोठा रस्ता ओलांडायची वेळ आली. शिट्टी आता बाबांच्या कानापर्यंत यायची, तरीही त्यांनी तिचं मनगट धरलं. पलीकडच्या पदपथावर पोहोचून त्यांनी सोडलं, तेव्हा तिच्या मनगटावर चार बोटं उमटली होती. लहानपणापासून उमटत होती. आज पहिल्यांदा तिनं ती नीट पाहिली.

घरी आई शिवणयंत्रावर धूमकेतूचं शेपूट शिवत होती. ती नाट्यगृहाचे कपडे घरी शिवायची. राजाचा अंगरखा, चोराची विजार, सगळं या एका खोलीतून जायचं. जमिनीवर चंदेरी पट्ट्यांचा ढीग पडला होता आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

"काय झालं?" आईनं एकाच नजरेत दोघांची तोंडं वाचली. "अजून कापतेय?"

"मी बाईंना फोन करतो," बाबा चपला काढत म्हणाले. "मशिन बिघडलंय म्हणून सांगतो. उद्या कुणीच उडायला नको. पुठ्ठ्याचा धूमकेतू करा म्हणावं, दोरीनं ओढू."

"बिघडलंय?"

"नाही."

आईनं शिवणयंत्र थांबवलं. शिट्टीकडे पाहिलं. शिट्टी सगळं सांगू शकली असती, एका दमात, रंगवून. पण ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि गप्प बसली. हे सांगणं बाबांचं होतं.

बाबांनी सांगितलं. चार वाक्यांत. शेवटचं वाक्य त्यांनी चंदेरी ढिगाकडे बघत सांगितलं: "दुसऱ्याच्या पोरीला नीट लावतो, आणि आपल्या पोरीला लावताना हात ऐकत नाही."

आईनं दातानं दोरा तोडला. "आणि आता मशिनवर आळ घालणार? इतक्या वर्षांत तुमचं मशिन बिघडलं म्हणून एक खेळ थांबला नाही. उद्यापासून लोक म्हणतील, दोरकाकांच्या मशिनचा भरवसा नाही."

"म्हणू देत. मशिनला काय वाटणार आहे?"

"मशिनला नाही वाटणार," आई म्हणाली.

बाबा स्टुलावर बसले. "मग ती खारूताई उडू दे. गुणी आहे. छान थांबली."

"मला विचाराल तर तेच बरं," आई म्हणाली. शिट्टीला वाटलं होतं आई आपल्या बाजूनं बोलेल. "रागावू नकोस गं. हे शेपूट शिवताना तू पडशील याशिवाय माझ्या मनात दुसरं काही येतच नाही. तू जमिनीवर असलीस की मला बरं वाटतं."

झालं. एक इकडून, एक तिकडून. शिट्टीला ओरडावंसं वाटलं, असं की शेजारची बिऱ्हाडं दारात यावीत. छातीत आवाज भरून आलाही. पण तिची नजर बाबांच्या हातांवर गेली. ते गुडघ्यांवर उपडे पडले होते. डाव्या हाताचा अंगठा गुडघ्यावरच बारीक बारीक दाबला जात होता, वर, वर, वर, आणि बाबांना पत्ताही नव्हता.

त्यावर उपाय तिला विंगेतच सुचला होता. अगदी सरळ होता. पडदाताईला आकडा माहीत होता, बटणं माहीत होती, आणि तिचा हात पोटाशी मिटत नव्हता. पण तो उपाय तोंडानं सांगणं म्हणजे काय, तेही शिट्टीला कळत होतं. चारांपैकी एकट्या उरलेल्या माणसाला, त्याच्याच नाट्यगृहात, त्याच्याच मोटरपासून दूर हो म्हणायचं. आणि तेही त्याच्याच मुलीनं. सगळ्यांसमोर कुणी हिंमत आहे का म्हणून विचारलं, की प्रश्न विचारणं किती सोपं असतं! इथे पैज लावायला कुणी नव्हतं.

बाबा उठले. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाईंचा नंबर शोधू लागले.

"थांबा बाबा."

आवाज इतका हळू होता, की आईनं चमकून वर पाहिलं.

"मी ठरवलंय," शिट्टी म्हणाली. "फोन करा, पण मशिन बिघडलंय असं सांगायचं नाही. बाईंना सांगा, उद्या मी उडणार आहे. आकडा चाळीस. तो सकाळी तुम्हीच लावायचा, खांबावर हात ठेवून, गोणी बांधून. मग पॅनेलची चावी पडदाताईला द्यायची. मला बांधल्यानंतर पॅनेलवर ती असेल." तिनं बाबांकडे पाहिलं. "तुम्ही नाही."

बाबांच्या हातातला फोन खाली आला.

"आई, मी चार बोटं पुढे जाणार आणि चार बोटं मागे येणार. तुला ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू किंचाळणार नाहीस."

"आणि हे?" आईनं बाबांकडे बोट केलं. "हे काय करतील तोवर? विंगेत उभे राहून नखं खातील?"

"विंगेत नाही. बाहेर बसतील. तिसऱ्या रांगेत, तुझ्या शेजारी."

बाबांनी आजवर एकही नाटक समोर बसून पाहिलेलं नव्हतं. खोलीत तिघांनाही ते ठाऊक होतं.

बाबांनी चष्मा नाकावर घेतला, पुन्हा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"तिसऱ्या रांगेतून," ते शेवटी म्हणाले, "दोर दिसतो का गं?"

"नाही. मागे काळा पडदा आहे ना. दोर दिसत नाही."

"मोटर?"

"मोटर तर नाहीच."

"मग मी बघू काय?"

"मला बघायचं, बाबा," शिट्टी म्हणाली. "आणि तो नेहमीचा काळा शर्ट घालून यायचं नाही. काळा विंगेतल्या माणसांचा असतो, अंधारात दिसू नये म्हणून. उद्या तुम्ही पांढरा घाला. म्हणजे वरून मला तुम्ही दिसाल."